विद्यार्थ्याचा आराखडा आणि गावाची भिंत

वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः विषय निवडून एक मोठा प्रकल्प करावा लागतो. महाविद्यालयात त्याला सगळे ‘थिसिस’च म्हणतात. बाह्य परीक्षक म्हणून मी गेली काही वर्षे हे प्रकल्प पाहते आहे. अलीकडे त्यांच्या नावांत दोन शब्द हटकून असतात, ‘शाश्वत’ आणि ‘सामुदायिक’. ग्रामीण कौशल्य केंद्र असो, आदिवासी संस्कृती केंद्र असो की वस्तीतले वाचनालय, पहिल्या शीटवर हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात.

हे शब्द आले याचा मला आनंदच आहे. एके काळी याच भिंतींवर मॉल, विमानतळ आणि पंचतारांकित हॉटेले लागलेली असत. आज शहरात वाढलेली मुले जव्हारला, मेळघाटात, मराठवाड्यातल्या एखाद्या गावात जाऊन राहतात, घरे मोजतात, बायाबापड्यांशी बोलतात. हा बदल मोलाचा आहे. पण एवढ्यावर या प्रकल्पांची समीक्षा थांबते आणि विषय चांगला म्हणून प्रकल्पही चांगला, असे धरले जाते. मला ते पटत नाही. इमारत शाश्वत आहे का, सामुदायिक आहे का, हे तिच्या आकारावरून किंवा तिला लागलेल्या सामानावरून ठरत नाही. ती कोण बांधणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार आणि तिथे कोणाला बिनदिक्कत बसता येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आराखड्यात आहेत का, हे पाहावे लागते.

विद्यार्थ्याकडून ही अपेक्षा जास्त आहे, असे कोणी म्हणेल. ती जास्त नाही, हे दाखवण्यासाठी विद्यार्थिदशेतच झालेल्या दोन कामांकडे आधी पाहू. दोन्ही आज जगभर शिकवली जातात, आपल्या विद्यार्थ्यांच्या ‘केस स्टडी’च्या शीटवरही ती असतात, पण बहुतेकदा फक्त छायाचित्रांच्या रूपात.

गांदोची शाळा

बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतला देश, आणि गांदो हे तिथले एक खेडे. फ्रान्सिस केरे यांचा जन्म तिथे १९६५ साली झाला. वडील गावाचे प्रमुख होते, पण गावात शाळा नव्हती. म्हणून मुलाला सातव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावे लागले. १९८५ मध्ये सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळून ते बर्लिनला गेले. रात्रशाळेत शिकत पुढे १९९५ मध्ये तिथल्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला लागले. पदवी मिळाली २००४ मध्ये. गांदोची प्राथमिक शाळा मात्र २००१ सालीच उभी राहिली होती. तिच्यासाठी केरे यांनी शिकत असतानाच १९९८ मध्ये एक संस्था काढून देणग्या गोळा केल्या होत्या.

शाळेत तीन वर्ग एका ओळीत आहेत आणि दोन वर्गांमध्ये छप्पर असलेली मोकळी जागा आहे. भिंती थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांच्या. वर विटांचेच सच्छिद्र छत, आणि त्याच्यावर अंतर सोडून उचललेले पत्र्याचे छप्पर. गरम हवा छतातून वर निघून जाते, पत्र्याची धग वर्गात उतरत नाही आणि छप्पर भिंतींच्या बरेच पुढे आलेले असल्याने पावसाचे पाणी मातीवर येत नाही.

यातले प्रत्येक पाऊल गावाच्या एका शंकेतून आले आहे. जर्मनीत शिकलेला आपला मुलगा मातीची शाळा बांधणार, हे ऐकून गाव खूश झाले नव्हते. मातीची भिंत पावसाळ्यात विरघळते, दरवर्षी लिंपावी लागते, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्यांना काँक्रीट हवे होते. केरे यांनी या शंकेला अडाणीपणा म्हटले नाही. विटेत सिमेंट घातले, छप्पर पुढे काढले आणि हे टिकते हे गावाला प्रत्यक्ष दाखवले. छपराच्या कैच्या साध्या लोखंडी सळ्यांच्या केल्या, कारण त्या हाताच्या करवतीने कापता येतात आणि लहान वेल्डिंग यंत्राने जोडता येतात. मोठी क्रेन तिथे येणार नव्हती, आणि ती आली असती तर परत गेल्यावर कैची दुरुस्त करायला कोणी उरले नसते. पायाचे दगड मुलांनी गोळा केले, विटांसाठी पाणी बायकांनी वाहून आणले. बांधता बांधता गावातले तरुण एक काम शिकले. पुढे शिक्षकांची घरे झाली, २००८ मध्ये शाळेचा विस्तार झाला आणि विद्यार्थी १२० वरून ७०० पर्यंत गेले. शाळेला २००४ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तर केरे यांना २०२२ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार. हा मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुकार.

रुद्रपूरची शाळा

दुसरे काम आपल्या अधिक जवळचे, बांगलादेशातल्या दिनाजपूर जिल्ह्यातले. जर्मन तरुणी आना हेरिंगर १९९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘दीपशिखा’ या स्थानिक संस्थेत स्वयंसेवक म्हणून रुद्रपूरला राहिली. पुढे ऑस्ट्रियात लिंझच्या कला विद्यापीठात वास्तुकला शिकताना तिने २००४ मध्ये पदवीचा प्रबंध म्हणून याच गावातल्या शाळेचा आराखडा केला. पुढल्याच वर्षी, २००५ च्या अखेरीस, वास्तुकार आयके रोसवाग यांच्या साथीने ती शाळा बांधली गेली.

माती आणि बांबू तिथल्या लोकांना नवे नव्हते. त्यांची घरे त्याचीच होती आणि ती फार टिकत नसत. हेरिंगरने आधी हे पाहिले की ती का टिकत नाहीत. घरांना पाया नसे, जमिनीतली ओल भिंतीत चढे आणि भिंत खालून खचे. म्हणून शाळेला पक्क्या विटांचा पाया दिला, त्यावर ओल अडवणारा थर टाकला आणि मातीत पेंढा मिसळला. हा गारा म्हशींच्या पायांनी तुडवून घेतला. त्याचे थर एकावर एक रचून भिंत उभारली. थर थोडा सुकला की फावड्याने कडा तासायच्या, पूर्ण वाळला की पुढचा थर. वरचा मजला बांबूचा. दुमजली बांधायचे कारणही साधे होते. बांगलादेशात जमीन कमी आणि माणसे जास्त, त्यामुळे इमारत जितकी पसरेल तितके शेत जाते. शाश्वततेचा हा हिशेब छपरावरच्या सौर पट्ट्यांच्या चित्रात दिसत नाही. या शाळेला २००७ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

आता या दोन्ही कामांतले सामान बाजूला ठेवून पद्धत पाहा. दोघांनीही आधी जुन्या बांधकामाचे दुखणे शोधले. गावातल्या हातांना जमेल अशी दुरुस्ती सुचवली. बांधकामाची रीत हाच आराखड्याचा मुख्य भाग केला. आपल्या शीट्सवर मात्र उतरते ती सच्छिद्र भिंत, बांबूचा मजला आणि दारातले रंगीत कापड.

मातीची आठवण

मराठवाड्यातल्या गावासाठी मातीची इमारत सुचवणारे किमान दोन-तीन प्रकल्प दर वर्षी समोर येतात. कारणे ठरलेली असतात. माती स्थानिक आहे, स्वस्त आहे, आत गारवा राहतो, सिमेंटमुळे होणारे प्रदूषण टळते. ही कारणे खरी आहेत. पण ‘गावकऱ्यांचे म्हणणे’ या मथळ्याखाली विद्यार्थी लिहितो, की लोकांना स्लॅबचे आकर्षण आहे, त्यांचे प्रबोधन करायला हवे. इथे मला थांबावेसे वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे भूकंपात दगावली. त्यांतली बहुसंख्य घरात झोपलेली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू एकमेकींना बांधणारे आडवे दगड फारसे नव्हते. हादरा बसला तेव्हा भिंत दुभंगली आणि माळवदाचे वजन झोपलेल्यांवर आले. नंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या भागातल्या म्हाताऱ्या बाईला स्लॅब हवा असेल, तर त्याला आकर्षण म्हणता येत नाही. ती तिची आठवण आहे.

याचा अर्थ मराठवाड्यात माती वापरूच नये, असा नाही. भूकंपात टिकेल असे मातीकाम करता येते. हलके छप्पर, कोपऱ्यांची नीट बांधणी, भिंतीभोवती फिरणारा पट्टा, या गोष्टी शिकवल्याही जातात. पण ज्या शीटवर मातीचे गुणगान असते, तिच्यावर हा तपशील मी क्वचितच पाहिला आहे. गांदोत केरे यांच्यापुढे प्रश्न होता की पावसात टिकेल का. आपल्याकडे त्या प्रश्नाला दुसरा जोडून येतो, की रात्री जमीन हलली तर काय. ज्या प्रकल्पाला हा प्रश्न पडलेलाच नाही, त्याने गावाशी बोलणे केले असे मी मानत नाही, मुलाखतींचे कितीही फोटो लावलेले असोत.

‘समुदाय’ म्हणजे कोण?

‘सामुदायिक’ या शब्दाची स्थिती याहून नाजूक आहे. प्लॅनमध्ये मध्यभागी एक चौक असतो, कडेला उतरत्या पायऱ्यांचे अँफिथिएटर असते, एक झाड असते आणि झाडाखाली गोल पार. पारावर काळ्या सावल्यांसारखी माणसे काढलेली असतात, म्हातारा, पोरे, घागर घेतलेली बाई. सगळी एकत्र आणि सगळी खूश. या चित्रातल्या गावाला जात नसते, भावकी नसते, ग्रामपंचायतीतले दोन गट नसतात.

महाराष्ट्रात वाढलेल्या विद्यार्थ्याला तरी हे चित्र काढताना महाड आठवायला हवे. सार्वजनिक पाणवठे आणि जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. प्रत्यक्षात पाणी घेता आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले आणि त्यानंतर मारही खावा लागला. खेड्याकडे आदर्श समाज म्हणून पाहण्यावर बाबासाहेबांनी पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत कडक टीका केली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ते भाषण वाचायला हवे, असे मला फार वाटते. जागा ‘सर्वांसाठी’ असे लिहिल्याने ती सर्वांची होत नाही. ती कोणत्या आळीच्या तोंडाशी आहे, तिथे जायला कोणाच्या दारावरून जावे लागते, पाण्याचा नळ कोणत्या बाजूला आहे, संध्याकाळनंतर बायका तिथे बसतील का, हे सगळे प्लॅनचेच प्रश्न आहेत आणि ते पेन्सिलीनेच सोडवायचे आहेत.

आपल्या गावांत सामुदायिक इमारतींची वाण आहे असेही नाही. निधीतून बांधलेले समाजमंदिर अनेक गावांत असते आणि त्यांतल्या कित्येकांना कुलूप असते. आत खताची पोती नाहीतर मंडपाचे सामान. नवे ‘सामुदायिक केंद्र’ सुचवणाऱ्या विद्यार्थ्याने आधी त्या बंद समाजमंदिराचा अभ्यास करावा. ते का बंद पडले, हे कळले तर निम्मा प्रकल्प तिथेच होईल.

एक अपुरा, पण चांगला प्रकल्प

गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या कामांपैकी एक मला वारंवार आठवते. विद्यार्थिनीचे नाव सांगत नाही. काम मात्र सांगण्यासारखे आहे. तिचा विषय होता ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळची सामाईक जागा. दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात पाच-सहा महिने कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे परतीची वाट हंगाम संपेपर्यंत बंद.

तिने सुरुवातीला मातीच्या पक्क्या खोल्या काढल्या होत्या. मग एका तळावर जाऊन राहिली आणि आराखडा बदलला. जमीन कारखान्याची किंवा शेतकऱ्याची, हंगाम संपला की ती रिकामी करावी लागते. पक्के काही बांधले तर ते उरलेले सहा महिने ओस पडणार. म्हणून तिने आंघोळीच्या मोऱ्या, धुण्याची जागा आणि लहान मुलांना सांभाळायची एक शेड एवढेच हाती घेतले. खालचा ओटा आणि पाण्याची निचरा-नाली कायमची, वरचा सांगाडा सुटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल असा. मोरीची दारे तिने तळाच्या आतल्या बाजूला वळवली, कारण बायका उजाडण्याआधी, अंधारात आंघोळ करतात आणि रस्त्याकडे दार असलेली मोरी त्यांनी वापरली नसती. एका शीटवर फक्त बारा महिन्यांचे वेळापत्रक होते. कोणत्या महिन्यात कोण कुठे असते, सांगाडा कोणाच्या ताब्यात राहतो, ओटा पावसाळ्यात कोण वापरतो.

या प्रकल्पात उणिवा होत्या आणि त्या मी ज्युरीत मांडल्या. वाऱ्याने सांगाडा उडू नये म्हणून तो ओट्याला कसा जखडायचा, याचा तपशील कच्चा होता. खर्च कोण करणार या प्रश्नावर ‘कारखाना’ एवढाच शब्द होता. कारखान्याने तो का करावा, याचे उत्तर नव्हते. सांगाडा मुकादमाच्या ताब्यात द्यायचा तर तो उद्या त्याचेही भाडे कापून घेणार नाही कशावरून, हे तिला सुचले नव्हते. दिसायलाही काम साधे होते. मॉडेलपाशी फारशी गर्दी झाली नाही आणि ज्युरीतल्या एका सदस्याला यात ‘डिझाइन कुठे आहे’ असे वाटले. मला ते मोरीच्या दारात दिसले. ते दार कोणत्या बाजूला हवे, हे ठरवण्यासाठी तिला पहाटे चारला उठून तळावर थांबावे लागले होते. ‘शाश्वत’ हा शब्द तिच्या एकाही शीटवर नव्हता.

मर्यादा कोणाच्या?

गांदो आणि रुद्रपूर यांनाही आपण आरती ओवाळू नये. केरे गावप्रमुखाचे चिरंजीव होते. त्यांच्यावर गावाने टाकलेला विश्वास पुण्याहून गेलेल्या विद्यार्थ्याला पंधरा दिवसांत मिळणार नाही. हेरिंगरच्या पाठीशी गावात रुजलेली संस्था होती. दोन्हीकडे पैसा युरोपातून आला. गरिबांच्या श्रमदानाचे कौतुक करताना त्या दिवसाची मजुरी बुडाली का, हेही विचारायला हवे. आपल्याकडे श्रमदानाला मोठी परंपरा आहे, पण फावडे कोणाच्या हातात आणि फोटोत कोण, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. शिवाय सरकारी बांधकामाचे अंदाजपत्रक दरसूचीवर चालते. सूचीत नसलेल्या कामाला दर ठरवून घ्यावा लागतो आणि तिथे बरेच चांगले मातीकाम कागदावरच राहते.

या मर्यादा ओलांडणे विद्यार्थ्याच्या हातात नाही. त्या ओळखणे मात्र त्याच्या हातात आहे, आणि ते त्याला शिकवणे आमच्या. आजच्या गुणपद्धतीत संकल्पना, रेखाटने, मॉडेल, सादरीकरण यांना गुण आहेत. बांधणाऱ्या हातांना, दुरुस्तीला, वापरणाऱ्यांच्या वेगवेगळ्या अडचणींना स्वतंत्र गुण मी कुठे पाहिलेले नाहीत. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी काढत नाही, यात त्याचा दोष कमी आहे. मला सुचते ते इतकेच, की प्रत्येक सामुदायिक प्रकल्पात तीन शीट्स सक्तीच्या असाव्यात. पहिलीवर बांधकामाचे टप्पे, प्रत्येक टप्पा करणारा माणूस आणि त्याची मजुरी. दुसरीवर दहा वर्षांनंतरची इमारत, कुठे गळते, काय कुजले, दुरुस्तीचे सामान किती मैलांवर मिळते. तिसरीवर त्या जागेपासून आज जे दूर राहतात त्यांची वस्ती, आणि तिथून चौकापर्यंत येणारी वाट.

या तीन शीट्समुळे एक-दोन रेंडर कमी होतील, भिंत थोडी कमी देखणी दिसेल. पण ती पाहताना परीक्षकाला पहिल्यांदाच आराखड्याशी भांडता येईल, आणि विद्यार्थ्यालाही परीक्षकाशी. पदवीनंतर त्यांतले बहुतेक जण शहरांतल्या फर्ममध्ये जाणार, सोसायट्यांचे टॉवर काढणार, हे मला ठाऊक आहे. त्या टॉवरमध्येही कामाला येणाऱ्या बाईसाठी कोणती लिफ्ट, तिला दुपारी बसायला जागा कुठे आणि वॉचमनची मोरी कोणत्या बाजूला, हे ठरवणारी शीट कोणाला तरी काढावी लागतेच.